थंडी जानेवारीत संपली, गोळ्या जूनपर्यंत होत्या : बेळगावातलं एक प्रकरण

ज्यांच्याभोवती हे प्रकरण फिरतं त्यांना इथे म्हादूकाका म्हटलं आहे. ते त्यांचं नाव नाही. चर्च, दवाखाना, निवारा आणि कारखाना यांचीही नावं मुद्दाम टाळली आहेत. काकांना हे सगळं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनी 'हे काढा' म्हटलं, ते काढलं.

पार्श्वभूमी

कॅम्पातल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, एका नाताळात प्रीतिभोजनानंतर दोन पातेली पुलाव उरला. टाकायचा कसा, म्हणून चार पोरांनी तो रिक्षात घालून रेल्वे स्टेशनवर नेला आणि तासाभरात रिकामी पातेली घेऊन परत आली. सुरुवात एवढीच. 'सेवा', 'उपक्रम' हे शब्द नंतर चिकटले. पुढच्या वर्षापासून आगमनकाळाच्या (नाताळाआधीचे चारेक आठवडे) पहिल्या रविवारी सुरू करायचं आणि जानेवारीअखेर थांबायचं, आठवड्यातून तीन रात्री, एका पुलाखाली, स्टेशनवर आणि बसस्टँडवर, असं ठरलं. हे प्रकरण तिसऱ्या हिवाळ्यातलं.

गटात अकरा जण. मी निवृत्त शिक्षिका, हिशेबाची वही माझ्याकडे. एक सिस्टर, म्हणजे नर्स, मठातली नव्हे. आमच्यात हा घोळ नेहमी होतो. कन्नड मंडळीतले एक रिक्षावाले अण्णा. कॅथलिक चर्चमधलं एक कोंकणी जोडपं, शुक्रवारची अंडी त्यांच्याकडे. तरुण संघाची पाच मुलं, परीक्षा जवळ आली की दोन. आणि पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. साठ ताटांना साडेसहा किलो तांदूळ आणि दोन किलो तूरडाळ लागायची. भात, आमटी, लोणच्याची फोड. पैसे मंडळीतूनच यायचे.

बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बारा-तेरापर्यंत उतरतो. उत्तरेकडच्या माणसाला याचं हसू येईल. पण रिकाम्या पोटी, ओलसर कपड्यांत, सिमेंटवर पाठ टेकून झोपणाऱ्याला बारा अंश पुरतात. सिस्टरने आम्हाला पहिल्याच वर्षी दोन गोष्टी शिकवल्या. वरून दुसरं कांबळं देण्याआधी खाली पुठ्ठा द्या, कारण थंडी जमिनीतून चढते. आणि दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि असलेली ऊबही निघून जाते. पहिली गोष्ट आम्ही लगेच अमलात आणली. दुसरी पुलाखाली कुणी ऐकली नाही.

तिथे झोपणारे सगळे एकसारखे नव्हते. सरकारी दवाखान्यात रुग्ण ठेवून बाहेर पथारी टाकणारे नातेवाईक, हमाल, सौंदत्तीहून परतताना इथेच राहून गेलेल्या दोन म्हाताऱ्या, मिरज-लोंढा मार्गावरच्या कुठल्यातरी गाडीतून उतरलेला, स्वतःशीच बोलणारा एक मुलगा. गावात पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून डोकी फुटतात. पुलाखाली 'जेवलासा काय?' आणि कन्नडातलं 'ऊट आत?' एकाच दमात विचारलं तरी चालायचं. ज्याला जे कळेल त्याचं उत्तर यायचं.

आमचा एक कडक नियम होता आणि तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. धर्मांतराविरुद्धचं विधेयक २०२१ च्या डिसेंबरमध्ये कर्नाटकाच्या विधानसभेत मंजूर झालं ते इथेच, सुवर्ण विधानसौध या बेळगावातल्या विधिमंडळ भवनातल्या हिवाळी अधिवेशनात. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. आमिषाच्या व्याख्येत भेटवस्तूही आली. आमटीचं पातेलं आमिष ठरू शकतं का, यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "ताट आणि प्रचाराची पत्रिका एका हातात नको." तेव्हापासून रिक्षावर क्रूस नाही, हातात पुस्तक नाही, गाणं नाही, प्रार्थना नाही. वाढायचं, 'येतो' म्हणायचं, पुढच्या जागी जायचं. पुलाखाली बारा मिनिटं, स्टेशनवर वीस. वहीत मी जागेपुढे आकडा लिहायची : पूल १४, स्टेशन २२, बसस्टँड १९. उरलेली पाच ताटं वाटेत संपायची.

या पद्धतीचा मला तेव्हा अभिमान होता, हे कबूल करते. हिशेब चोख होता.

अडचण

म्हादूकाका 'पूल १४' मधले एक होते. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला मफलर, वय पन्नाशीच्या पुढचं पण दिसायला सत्तरीचे. भात अर्धा परत करायचे. खोकायचे. बाजूची माणसं अंथरूण घेऊन दोन हात लांब सरकलेली आम्ही पाहिली होती, पण त्याचा अर्थ लावला नाही. बिडी आणि गारठा, अजून काय? एका पोराने मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणून दिलं. मी ते वहीत लिहिलं : 'कफ सिरप १'. सिस्टरची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, ती आली नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अधिवेशन होतं. त्या दिवसांत शहरात बंदोबस्त असतो, मोर्चे असतात, बाहेरून पोलीस येतात. पुलाखालची आणि स्टेशनसमोरची माणसं आपोआप पांगली, काहींना पांगवलं. नऊ दिवस काका दिसले नाहीत. आम्ही त्यांच्या वाटणीचं ताट दुसरीकडे दिलं आणि पुढे गेलो.

त्याच सुमारास दोन तरुणांनी मोबाईल समोर धरून आमचं चित्रीकरण केलं. "काय वाटता? पुस्तकं बी देता काय?" अण्णांनी त्यांना पातेल्याचं झाकण काढून दाखवलं. ते हसले आणि गेले. पण आमच्या पोरांचे हात त्या रात्री भरभर चालायला लागले, आणि बारा मिनिटांची आठ झाली.

मग अठरा तारखेला बसस्टँडच्या मागच्या बाजूला एक माणूस मेलेला सापडला. अंगावर ओळखपत्र नाही. शेजारी आमचा कागदी द्रोण होता, म्हणून हवालदार चौकशी करत मंडळीच्या फाटकाशी आले. सभ्य होते. विचारलं एवढंच, "तुम्ही रोज जेवायला घालत होता, नाव तर ठाऊक असंल?" मी वही आणली. वहीत 'बसस्टँड १९' होतं. त्या एकोणिसातला तो कोण, उंच की बुटका, मराठी की कन्नड, अकरापैकी एकालाही खात्रीने सांगता आलं नाही. सहासात वेळा तरी आम्ही त्याच्या हातात ताट दिलं असणार. बेवारस म्हणून त्याची नोंद झाली.

त्या रात्री कुणी कुणाला बोललं नाही. सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला : बुधवारी रिक्षात दोन चटया टाका.

चटई ही कल्पना साधी होती. वाढणाऱ्याने उभं राहायचं नाही. स्वतःचं ताट घेऊन खाली बसायचं, तेच जेवण जेवायचं, नाव विचारायचं, आपलं सांगायचं. तिन्ही जागा एका रात्रीत होणार नाहीत, तर होऊ देत. पहिल्या बुधवारी मी पुलाखाली एका कन्नड बाईशेजारी बसले. सगळे तिला अक्का म्हणायचे. नाव विचारल्यावर तिने हात झटकला, "नाव घेऊन काय करतीस टीचर? त्याचं बघ की." आणि काकांकडे मान करून म्हणाली, "रक्त पडतंय त्याच्या खोकल्यातनं. महिना झाला." तिने ते आम्हाला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही थांबत कुठं होता?"

काय काय करता आलं असतं

गुरुवारी सिस्टरच्या घरी सात जण बसलो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे थुंकी तपासायची, हा देशातल्या क्षयरोग कार्यक्रमाचा पहिला धडा, आणि नर्स असलेल्या गटाने तो तीन आठवडे वाचला नव्हता. सिस्टर स्वतःवर चिडली होती. तपासणी आणि औषधं फुकट असतात, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता माणूस राहणार कुठे.

दवाखान्यात दाखल करून घेतील ही आमची आशा सिस्टरने लगेच मोडली. टीबीचा बहुतेक रुग्ण घरी राहूनच औषध घेतो. ज्याला घर नाही तो गोळ्यांची पाकिटं घेऊन फुटपाथवर परत येतो.

निवारा? शहरी बेघरांच्या केंद्रीय योजनेचं माप त्या वेळी असं होतं की लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या कायमच्या निवाऱ्याची सोय हवी. बेळगाव शहर २०११ च्या जनगणनेतच पाच लाखांच्या जवळ होतं, म्हणजे पाचेकशे जागा. आम्ही ज्या निवाऱ्यात विचारायला गेलो तिथे एका दालनात पस्तीस माणसं झोपत होती. व्यवस्थापक म्हणाला, खोकणारा नको. मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं. बंद खोलीत पस्तीस जणांमध्ये उघडा, म्हणजे खोकल्यातून पसरणारा, टीबी असलेला माणूस ठेवणं म्हणजे इतरांवर अन्याय.

पोलिसांना किंवा निराश्रित केंद्राला कळवायचा विचार एकाने मांडला. कर्नाटकात १९७५ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, घरपट्टीबरोबर त्यासाठी ३ टक्के उपकर आपण सगळेच भरतो, आणि त्या पैशावर ही केंद्रं चालतात. पण २०१० मध्ये बेंगळूरच्या केंद्रात थोड्या दिवसांत बरीच माणसं दगावली होती. ती गोष्ट पुलाखाली अजून सांगितली जाते. गाडी आली असती तर काका गेलेच असते, शिवाय उरलेले तेराही पळाले असते. आणि काका भीक मागत नव्हते. गाड्यांवर ग्लास धुवून दिवसाला शंभर-दीडशे मिळवत होते. हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

खोली भाड्याने घ्यायची, हा सगळ्यांना आवडलेला पर्याय. कोंकणी जोडप्याने पहिल्या दोन महिन्यांचं भाडं द्यायची तयारी दाखवली. पण घरमालकाला आजार सांगायचा की लपवायचा? सांगितला तर खोली मिळणार नाही, लपवला तर आमचंच तोंड खोटं. सिस्टरने अजून एक गोष्ट सांगितली, तेव्हा ती विचित्र वाटली : पहिले दोन आठवडे उघड्यावरच बरे. मोकळ्या हवेत जंतू विरळ होतात आणि औषध लागू पडलं की पंधरा दिवसांत संसर्गाचा जोर बराच ओसरतो.

राहिला गावाचा प्रश्न. काकांच्या बोलण्यातला हेल चंदगडकडचा आहे हे आमच्यातल्या एकाने पहिल्याच रात्री ओळखलं होतं, कारण त्याची मामी तिकडची. चंदगड महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. पण बाजार, दवाखाना, मुलीचं स्थळ, सगळ्याला माणसं बेळगावलाच येतात. शिनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, बस तीच. 'घरचे असतील की, शोधू या' असं तो म्हणाला. कुणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. इथे आम्ही चुकलो. 'नाही' हा शब्द त्या बैठकीत उच्चारायला हवा होता.

काय केलं

पहिल्या दिवशी एका खिडकीवर आधार कार्ड मागितलं आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर थेट टीबी विभागात घेऊन गेली, तिथे कुणी काही विचारलं नाही. थुंकीत जंतू निघाले. मुख्य औषधाला दाद देणारे निघाले, हे त्यातल्या त्यात बरं. एचआयव्ही नाही, साखर नाही. वजन ४१ किलो. त्या वजनाला रोज तीन गोळ्या, पहिले ५६ दिवस चार औषधांच्या, पुढचे ११२ दिवस तीन औषधांच्या. एकूण १६८ दिवस. नाताळच्या आदल्या दिवशी पहिली मात्रा.

मी बोटांवर मोजलं. आमचा हंगाम जानेवारीअखेर संपत होता. एकशे अडुसष्ट दिवस जूनमध्ये जात होते.

गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या आणि आम्ही रात्रीची माणसं. अण्णा म्हणाले, मी साडेसहाला स्टँडवर जातो, पूल वाटेत आहे. पुढचे साडेपाच महिने हे काम त्यांनी एकट्याने केलं. ताप आला त्या दोन दिवशी त्यांची बायको चालत गेली. गटाचा म्हणून जो काही मोठेपणा पुढे सांगितला गेला, त्यातला निम्मा या एका रिक्षाचा आहे.

पुलाच्या ज्या बाजूने वारा कमी, तिथे काकांची जागा केली. खाली लाकडी पॅलेट, त्यावर पुठ्ठा, वर घोंगडं. ताडपत्री एकाच बाजूने बांधली, हवा खेळती राहावी म्हणून. शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांची आणि आम्हा अकरा जणांचीही तपासणी झाली, कुणाला काही निघालं नाही.

पाचव्या दिवशी काकांनी गोळ्या थांबवल्या. लघवी नारिंगी-लाल झाली होती. त्यांना वाटलं आता खालूनही रक्त. रिफॅम्पिसिनने असा रंग येतो, घाबरायचं कारण नसतं, हे टीबीच्या औषधांबद्दल सगळ्यात आधी सांगायचं वाक्य. दवाखान्यात गर्दीत कुणी बोललं नाही, आणि आम्ही प्रत्येकाने ते दुसऱ्याने सांगितलं असेल असं धरलं. दोन दिवस गेले. हे पुन्हा अक्कानेच अण्णांना सांगितलं.

मग प्रार्थनेचा प्रश्न आला, आणि तो आमच्याकडून नाही आला. एका रात्री काकांनी पाळकसाहेबांना विचारलं, "तुमी देवाची माणसं न्हवं? मग माझ्यासाठी काय म्हणत का न्हाई?" आजूबाजूला तेरा माणसं, रस्त्यावर मोबाईल. पाळकसाहेब म्हणाले, घरी रोज तुमचं नाव घेतो, इथे नको. काकांना ते लागलं. "जेवान उघड्यावर देता आन देव झाकून ठेवता व्हय?" पुढच्या वेळी काकांनी स्वतःच तुकोबांचा एक अभंग म्हटला, खोकत खोकत, आणि पाळकसाहेब मांडी घालून ऐकत बसले. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची गाणी अभंगाच्याच छंदात लिहिली. आमच्या कानाला ती चाल परकी नव्हती. त्यानंतर तसं दर वेळीच व्हायला लागलं. आमच्या गटात यावर अजून मतभेद आहेत. तरुण संघातल्या एकाला वाटतं, मागितलेली प्रार्थना नाकारणं म्हणजे भ्याडपणा. मला वाटतं, आजारी आणि आमच्या ताटावर अवलंबून असलेल्या माणसाने मागितलं तरी ते पूर्ण मोकळेपणाने मागितलं असं धरता येत नाही. कायदा नसता तरी माझं हेच मत राहिलं असतं, असं मी स्वतःला सांगते.

क्षयरुग्णांना पोषक आहार देणाऱ्यांसाठी निक्षय मित्र ही सरकारी योजना २०२२ मध्ये सुरू झाली. मंडळीने त्यात नोंदणी केली, काकांची लेखी संमती घेऊन. शेंगदाणे, डाळ, तेल, दूध पावडर, अंडी. याचा दुसरा फायदा असा की आम्ही या माणसाला का खाऊ घालतो याचं सरकारी उत्तर खिशात आलं. मोबाईलवाले पुन्हा आले तेव्हा पोरांनी ते दाखवलं. मला ते पाहून सुटल्यासारखंही वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

रुग्णाला सरकारकडून त्या वेळी महिन्याला ५०० रुपये पोषणासाठी मिळत. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. काकांना ते वेळेवर मिळाले नाहीत. बँकेत खातं नाही, आधार हरवलेलं आणि पत्ता महाराष्ट्रातला. बोटांचे ठसेही यंत्र घेईना, वाळू आणि ग्राइंडरने झिजलेले. शेवटी डोळ्यांवरून काम झालं, खातं एप्रिलमध्ये उघडलं.

झिजलेल्या बोटांमुळेच त्यांचं आधीचं आयुष्य कळलं. उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, एकोणीस वर्षं, ठेकेदाराकडे, फेटलिंगला : ओतीव मालाला चिकटलेली वाळू घासून काढायची. तोंडाला फडकं. ती बारीक धूळ सिलिकाची. फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि टीबीचा धोका वाढतो. एक्सरे पाहून डॉक्टर म्हणाले, टीबी जाईल, बाकीचे डाग जाणार नाहीत.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्यातल्या त्या मुलाने मामीला फोन केला. मनाने चांगला. त्याला वाटलं, हंगाम संपतोय, आपण गेल्यावर काका एकटे पडतील. मामीने शेजारच्या गावात विचारलं, आणि रविवारी दुपारी काकांचा मुलगा दोन माणसांना घेऊन मोटारसायकलवर पुलाखाली आला. आरडाओरडा झाला. सातबाऱ्यावर अजून काकांचं नाव होतं, त्याला हक्कसोड पत्रावर सही हवी होती. काकांनी सही केली नाही. त्या रात्री ते घोंगडं घेऊन निघून गेले.

तीन दिवस गोळ्या चुकल्या. चौथ्या दिवशी खानापूरच्या बसस्टँडजवळच्या एका चहावाल्याने अण्णांच्या ओळखीतल्या ड्रायव्हरला सांगितलं. अण्णा पंचवीसेक किलोमीटर रिक्षा घेऊन गेले. काकांनी परत यायला एक अट घातली : "मला न इचारता माझं नाव कुनाला सांगायचं न्हाई. देवालाबी." पाळकसाहेबांनी हे दुसरं वाक्यही मान्य केलं. रोजच्या प्रार्थनेत ते आता 'पुलाखालचे एक' म्हणतात.

मुलाबद्दलही लिहायला हवं, नाहीतर तो खलनायक वाटेल. फेब्रुवारीत तो माझ्या घरी आला, एकटाच. दारूपायी बापाने काजूची बाग विकली, आई गेली तेव्हा बापाचा पत्ता नव्हता, बहिणीचं लग्न त्याने कर्ज काढून केलं. चहा न पिता गेला. जाताना तीनशे रुपये टेबलावर ठेवले, 'अंड्यांना' म्हणाला. मी ते काकांना विचारून घेतले. काकांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही, मग मान हलवली.

काय झालं

दोन महिन्यांनी थुंकीत जंतू नव्हते. चुकलेले पाच दिवस पुढे भरून जूनच्या मध्यावर औषध संपलं. वजन ४७ किलो. काका आता एका चहाच्या गाडीवर कायमचे कामाला आहेत आणि मालकाच्या गोदामात झोपतात. जिना चढताना दम लागतो, तो लागणारच. दारू कमी झाली, सुटलेली नाही. गावी गेले नाहीत. सही मात्र मे महिन्यात स्वतःहून केली. का केली ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

खर्चाचा आकडा सांगते, कारण पुढे कुणी असं करू पाहील तर विचारेल. काकांवर सहा महिन्यांत, प्रवास धरून, गटाचे साधारण नऊ हजार गेले. दोन महिन्यांच्या साठ ताटांच्या मानाने ते काहीच नव्हे. महाग पडली ती अण्णांची सकाळ, आणि ती कुठल्याच रकान्यात मांडलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खोकला किती दिवसांचा, हे पहिल्या रात्री विचारता आलं असतं. आता वाढताना सगळ्यांना तीनच प्रश्न विचारतो : खोकला, ताप, वजन. कफ सिरप कुणी देत नाही.

गटाने न घेतलेला निर्णय कुणीतरी एकटा घेतो, हे फोनच्या प्रसंगाने शिकवलं. त्या मुलाला आम्ही बरंच बोललो. खरं तर गुरुवारच्या बैठकीत प्रश्न लोंबकळत ठेवणारे आम्ही सहा जण होतो. घर शोधायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर तिथेच थांबायचं. हा नियम आता लिहून ठेवला आहे.

फाउंड्रीची बाजू आम्ही सोडून दिली. सिलिकोसिस हा त्या वेळी कारखाना कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य आजार होता, ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, त्याची भरपाईही बसायची. पण काकांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं, ठेकेदार वारलेला, आणि आम्हाला आमटी करता येते, खटला करता येत नाही. फेब्रुवारीत एखाद्या कामगार संघटनेकडे गेलो असतो तर त्यांच्याबरोबर काम केलेले दोघेतिघे साक्षीला मिळाले असते. आता त्यातले दोन गावी परतले. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

अक्काला आम्ही न विचारता बिनपगारी परिचारिका केलं. काका कसे आहेत, गोळी घेतली का, रात्री खोकले का, सगळं तिला विचारायचं. ती स्वतः कशी आहे हे मी एप्रिलमध्ये पहिल्यांदा विचारलं. तिच्या पायाला जखम होती, दीड महिन्याची.

आणि थंडीचा प्रश्न. डिसेंबरमध्ये बेळगावात एकेका माणसाला तीन-तीन कांबळी मिळतात. पुढारी, मंडळं, आम्ही. फेब्रुवारीत त्यातली दोन विकलेली असतात आणि वाटणारा कुणी नसतो. आमचं वेळापत्रक नाताळावर बसवलेलं होतं. ऑक्टोबरच्या बैठकीत यावर दोन तास भांडण झालं. मंडळीच्या खजिनदारांचं म्हणणं, पैसे दोन महिन्यांचेच आहेत. शेवटी तीन रात्रींची एक रात्र केली, बुधवार, पण बारा महिने. ताटं साठाची पस्तीस झाली. स्टेशन सोडावं लागलं, तिथले बावीस जण आता काय खातात हे आम्हाला नीट ठाऊक नाही. अण्णांना हा निर्णय पटलेला नाही. ते दर शुक्रवारी स्वतःच्या पैशाने उप्पीट घेऊन तिकडे जातात.

काका बुधवारी दुपारी कांदे चिरायला येतात आणि आमटीत मीठ कमी असल्याची तक्रार करतात. त्यांना भात नको, भाकरी हवी. पस्तीस जणांच्या सत्तर भाकऱ्या थापायला मंडळीतल्या दोघी तयार झाल्या आहेत, तिसरी शोधतोय. वहीत आता आकड्यांच्या जागी नावं आहेत. एक ओळ सोडून. तिथे अजून 'अक्का' एवढंच आहे, कारण तिने सांगितलेलं नाही.